रॅप त्याच खाचेतून परत परत सुटतोय? गोंदाला दोष देण्याआधी मटेरियल तपासा

गाडीला रॅप करून, म्हणजे पत्र्यावर विनाइलची चिकट फिल्म चढवून, काही महिने झाले, एक उन्हाळा किंवा एक पावसाळा गेला, आणि बंपरच्या खाचेतून, दाराच्या हँडलमागच्या वाटीतून, मारुती ईको व्हॅन असेल तर सरकत्या दाराच्या पट्टीजवळून विनाइल उचललं जायला लागलं. मग दुकानात गेलात, पोराने हीट गन मारून अंगठ्याने दाबून दिलं, आठवडाभर छान बसलं आणि मग मागचे पाढे पंचावन्न. कोणी फेविक्विक लावतं, कोणी कडेवर पारदर्शक टेप मारतं, पण तरी ते सुटतंच.

एकदा सुटलं तर लावणाऱ्याची घाई म्हणता येईल. पण त्याच जागी तिसऱ्यांदा सुटत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा त्या जागेसाठी मटेरियलच चुकीचं निवडलेलं असतं, आणि आपण मात्र गोंदावर गोंद चढवत बसतो. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे तो. म्हणून आधी बघू की सुटलंय कसं, कारण सुटण्याची तऱ्हा बघितली की कारण बऱ्यापैकी कळतं.

गाडी धुवून पूर्ण सुकवा, सावलीत लावा आणि मोबाइलचा टॉर्च पत्र्याला तिरका धरून कडा बघा. कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटरची काळपट चिकट रेघ दिसतेय का? बोट लावलं तर चिकटतं, त्यात धूळ बसलेली असते, आणि ही रेघ सगळ्या कडेला सारख्याच रुंदीची असते. ती रेघ म्हणजे विनाइल आधी जिथपर्यंत होतं ती हद्द. फिल्म आत आक्रसलीय आणि गोंद मागे राहिलाय. जिथे दोन तुकडे एकमेकांना भिडवले होते तिथे फट पडून मूळ रंग डोकावतो. हे दिसलं की समजायचं की फिल्म कॅलेंडर्ड (रोलरांमधून ओढून केलेली, पुढे सांगतो) आहे आणि ती आपल्या गुणाप्रमाणे वागलीय, लावणाऱ्याने कितीही जीव तोडून लावली असती तरी कमीजास्त हेच झालं असतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे कडा जागेवर आहे, पण खाचेच्या तळातून फिल्म उठून दोन उंचवट्यांच्या मध्ये ताणलेली दिसते, बोटाने दाबली की आत जाते आणि सोडली की परत वर येते. इथे फिल्मला तिच्या झेपेपेक्षा जास्त ताणलंय, किंवा ताणली ते ठीक होतं पण शेवटी नीट तापवलेली नाही.

तिसरी तऱ्हा लोक ओळखत नाहीत. वरचा पारदर्शक थर सुटतो, खालचा प्रिंट जागेवर राहतो, किंवा दोन्ही मिळून कडा वरच्या बाजूला गोल वळतात. हा लॅमिनेशनचा आणि शाईचा प्रश्न आहे, त्याचं पुढे सांगतो. आणि फक्त काळ्या खडबडीत प्लास्टिकवरूनच सुटत असेल, बाकी गाडी ठणठणीत असेल, तर तिथे रॅप लावायलाच नको होता.

कास्ट आणि कॅलेंडर्ड

मुळात सगळा घोळ या दोन शब्दांत आहे आणि कोटेशनवर ते कोणी लिहित नाही, तिथे नुसतं 'विनाइल रॅप विथ लॅमिनेशन' असतं. दोन्ही पीव्हीसीच आहे, पण बनवायची पद्धत वेगळी. कॅलेंडर्ड फिल्म गरम रोलरांमधून दाबून, ओढून पातळ करतात. कास्टमध्ये पातळ द्रव मिश्रण सपाट कागदावर ओतून भट्टीतून सुकवत नेतात. मैद्याची पोळी लाटली की ती हळूहळू आक्रसते, घावन तव्यावर जसं ओतलं तसंच राहतं, तोच फरक इथे आहे. ओढून केलेल्या फिल्ममध्ये ताण साठलेला असतो, उन्हात गाडी तापली की तो ताण सुटायला बघतो आणि फिल्म लहान होते. कास्टमध्ये तो ताण जवळजवळ नसतोच.

कॅलेंडर्डमध्येही दोन प्रकार आहेत. मोनोमेरिक सगळ्यात स्वस्त, त्यातलं मऊ ठेवणारं रसायन लवकर बाहेर पडतं, मग फिल्म कडक होते, आक्रसते, तडकते. पॉलिमेरिक त्यापेक्षा पुष्कळ बरं, सपाट पत्र्यावर आणि हलक्या गोलाईवर काही वर्षं व्यवस्थित टिकतं. पण खोल खाच, रिव्हेट, बंपरचा कोपरा, इथे पॉलिमेरिकही नको, कोणी कितीही सांगो.

प्रिंटिंगच्या कास्ट फिल्ममध्ये थ्रीएमची आयजे १८०, एव्हरी डेनिसनची एमपीआय ११०५, ओराफोलची ओराजेट ३९५१ ही नावं सर्रास चालतात, आणि तिन्ही साधारण ५० मायक्रॉन जाडीच्या. कॅलेंडर्ड बहुधा ७० ते १०० मायक्रॉन असते. म्हणजे जाड असेल तर दणकट असेल हा समज इथे उलटा पडतो, पातळ फिल्मच वळणात नीट बसते. पण फक्त जाडीवरून ठरवू नका, कारण गाडीचा रंग बदलायच्या ज्या तयार रंगाच्या फिल्म येतात, म्हणजे थ्रीएम २०८० किंवा एव्हरीची सुप्रीम रॅपिंग फिल्म, त्या कास्ट असूनही ८०-९० मायक्रॉनच्या असतात, कारण वरचा संरक्षक थर त्यांच्यात आधीच असतो. त्यांच्यावर वेगळं लॅमिनेशन लागत नाही, आणि कोणी त्यासाठी वेगळे पैसे लावत असेल तर का ते विचारा.

आपल्या गाडीवर काय लावलंय हे कसं ओळखायचं? सगळ्यात सोपं म्हणजे रोलचा मागचा कागद बघायचा, चांगल्या कंपन्या बहुतेक वेळा त्यावर आपलं नाव छापतात. रोलच्या खोक्यावरच्या लेबलवर सिरीजचा नंबर आणि बॅच असते, त्याचा फोटो काम सुरू व्हायच्या आधी काढून घ्यायचा, नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. काम होऊन गेलं असेल आणि एखादा तुकडा उरला असेल तर तो अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नीट चिकटवा, कटरने त्यावर फुलीसारखे दोन काप द्या आणि पट्टी काही दिवस कडक उन्हात गच्चीवर ठेवा. कॅलेंडर्ड असेल तर काप उघडून फट दिसायला लागते, मोनोमेरिक असेल तर फारच लवकर. कास्टमध्ये काप जवळपास मिटलेलेच राहतात. खर्च काही नाही, आणि वाद घालायला हातात पुरावा मिळतो.

कुठल्या गाडीला काय

नियम माझ्या मते एकच आहे, गाडीवरची सगळ्यात अवघड जागा बघायची आणि त्या जागेला झेपेल ती फिल्म घ्यायची, स्क्वेअर फुटाचा दर त्यानंतर. लोक उलटं करतात, दर आधी ठरवतात आणि मग तीच फिल्म दारापासून बंपरपर्यंत सगळीकडे.

कंटेनर बॉडीचा टेम्पो असेल, सपाट भिंती, तर बाजूंना चांगलं पॉलिमेरिक आणि पुढच्या केबिनला कास्ट हा हिशोब अगदी योग्य आहे, पैसेही वाचतात. पण त्या भिंतींवर रिव्हेटच्या ओळी असतील तर पॉलिमेरिक विसरा. रिव्हेटच्या डोक्याभोवती फिल्म पहिल्या उन्हातच बांगडीसारखी उठते आणि मग पावसाचं पाणी तिथूनच आत जातं.

छोटा हत्तीच्या हौद्याच्या फळक्यांना दाबून काढलेल्या घड्या असतात, ट्रॅव्हलरच्या बाजूच्या पत्र्यालाही. सपाट वाटतात, पण प्रत्येक घडीत फिल्म आत जाऊन परत बाहेर येते. तिथे कास्टच, आणि लावताना आधी घडीच्या तळात बसवून मग वर यायचं, वरून ताणून खाली ढकलायचं नाही.

कारच्या पूर्ण रॅपला कास्टला पर्याय नाही. बंपर, आरसा, हँडलची वाटी, डिकीच्या नंबरप्लेटची खाच, फिल्म तिथेच सगळ्यात जास्त ताणली जाते. काही खाचा इतक्या खोल असतात की एकाच तुकड्यात काम करायचा हट्ट धरूच नये. आधी खाचेत वेगळी पट्टी बसवायची, मग वरचा मोठा तुकडा त्यावर थोडा चढवून कापायचा. जोड जवळून दिसतो हे खरं, पण तो टिकतो, आणि एकाच तुकड्याचा मोह बहुतेक वेळा अंगाशी येतो. जोडावर कापताना पत्र्यावर ब्लेड चालू नये म्हणून धाग्याची टेप मिळते, ती वापरतात का हे दुकानात आधीच विचारून घ्या, नाहीतर रॅप काढल्यावर रंगावर ब्लेडच्या रेघा दिसतील आणि तिथून गंज धरेल.

निवडणुकीचा प्रचाररथ, गणपतीतली जाहिरात, महिनाभराचं काम, यासाठी मात्र कास्ट घेऊन पैसे घालवू नका. तिथे स्वस्त कॅलेंडर्ड चालतं, फक्त गोंद काढता येणाराच मागा. गाडी भाड्याची असेल तर हे दहा वेळा विचारा, कारण कायमचा गोंद उन्हात शिजला की काढताना अर्धा पत्र्यावर राहतो आणि मग रॅपपेक्षा सफाईचा खर्च जास्त.

जुन्या जाहिरातीवर किंवा गडद गाडीवर पांढरी फिल्म लावायची असेल तर मागून राखाडी गोंद असलेली फिल्म येते ती घ्या. साधी पांढरी लावली की जुनी अक्षरं खालून भुतासारखी दिसत राहतात, उन्हात तर जास्तच.

लॅमिनेशन आणि शाई

मी म्हणेन की कास्टचे पैसे देऊनही फसगत होते ती इथे. खाली कास्ट आणि वर स्वस्त कॅलेंडर्ड लॅमिनेशन. वरचा थर आक्रसतो, खालचा आक्रसत नाही, मग कडा वर वळतात आणि खाचेतून दोन्ही मिळून उठतात. म्हणजे महाग फिल्म घेऊन स्वस्त फिल्मचा त्रास पदरात पडतो. जोडी जुळवून घ्या, आयजे १८० वर थ्रीएमचंच ८५१८, ओराजेट ३९५१ वर ओरागार्ड २९०, असं कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. दोन्ही एकाच कंपनीचे असले की तक्रार करतानाही सोपं जातं, नाहीतर फिल्मवाला लॅमिनेशनकडे बोट दाखवतो आणि लॅमिनेशनवाला फिल्मकडे.

शाईचं म्हणाल तर इको-सॉल्व्हंट मशीनवर छापलेला प्रिंट हाताला कोरडा लागला तरी आतून ओला असतो. त्यातलं सॉल्व्हंट, म्हणजे शाई पातळ ठेवणारं रसायन, उडायला निदान २४ तास, गडद रंग जास्त असतील तर ४८ तास लागतात, आणि तेही रोल घट्ट गुंडाळून नव्हे, सैल सोडून किंवा टांगून. आज रात्री छापलं, सकाळी लॅमिनेशन केलं आणि दुपारी गाडीवर चढवलं, की ते सॉल्व्हंट आत अडकतं, फिल्म आणि गोंद दोन्ही मऊ पाडतं, आणि कडा चिकट होऊन वळायला लागतात. गिऱ्हाईक 'उद्याच गाडी हवी' म्हणून मागे लागतं तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून जरा दम धरा. लेटेक्स मशीनचा प्रिंट लगेच तयार असतो, हा त्याचा मोठा फायदा. यूव्ही शाई सपाट बोर्डाला उत्तम, पण काही यूव्ही शाया ताणल्यावर तडकतात, त्यामुळे बंपरवर जाणारा प्रिंट असेल तर ताणली जाणारी शाई आहे ना हे आधी एका तुकड्यावर ओढून बघा.

पत्र्याचं काय

फिल्म योग्य असूनही फक्त एकाच दाराचं सुटत असेल तर त्या दारावर पुटी-रंगाचं काम झालंय का विचारा. नवीन रंग निदान तीन-चार आठवडे पूर्ण वाळू द्यावा लागतो, नाहीतर रंगातून बाहेर पडणाऱ्या वाफा फिल्मखाली फुगे करतात, आणि काढताना रंगच फिल्मबरोबर येतो.

काळं, रंग न दिलेलं खडबडीत प्लास्टिक हे बहुधा पॉलिप्रॉपिलीनसारखं असतं, त्याला कुठलाच गोंद नीट धरत नाही. प्रायमर (गोंद धरवणारं द्रावण) लावून धरवता येतं, पण उगाच सगळीकडे प्रायमर फासू नका. त्याने फिल्म काढताना त्रास होतो आणि मूळ ताण तसाच राहतो. आक्रसणाऱ्या फिल्मला प्रायमरने दाबून ठेवणं म्हणजे फक्त दुखणं पुढे ढकलणं.

गाडीवर आधी वॅक्स, सिरॅमिक कोटिंग किंवा टायर चमकवायचा सिलिकॉन स्प्रे मारलेला असेल तर खालच्या पट्टीवरून आणि चाकाच्या कमानीवरून फिल्म सुटते. साबणाने धुवून, डांबराचे ठिपके काढून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून पुसायचं, ७० भाग अल्कोहोल ३० भाग पाणी हे माप बरंच चालतं. ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, आपोआप सुकू दिलं तर मळ तिथेच परत बसतो. आणि कडेच्या आतली बाजू पुसायला विसरू नका, म्हणजे दाराची आतली घडी, बोनेटचा खालचा काठ. फिल्म तिथे वळून धरते आणि मळ तिथेच सगळ्यात जास्त असतो.

पावसाळ्यात एक वेगळी भानगड असते. काचेच्या रबरात, लोगोच्या भोकात, दिव्याच्या मागे पाणी साठलेलं असतं. वरून गाडी कोरडी दिसते, तुम्ही लावायला घेता आणि गरम हवा मारली की ते पाणी बाहेर येऊन कडेखाली शिरतं. आदल्या दिवशी गाडी शेडमध्ये घ्या, फटींमध्ये हवेचा पाइप मारा, जमेल तर हँडल, दिवे, लोगो उतरवूनच काम करा.

शेवटचं तापवणं

फिल्म कास्ट आहे, पत्रा स्वच्छ आहे, तरी खाचेतून उठते, तेव्हा शंका इथे घ्यायची. ताणलेल्या प्रत्येक जागेवर आणि कडेवर शेवटी साधारण ९० ते ११० अंश सेल्सियसपर्यंत फिल्म तापवावी लागते, नेमका आकडा त्या फिल्मच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. तेवढं तापलं की फिल्म आपला जुना आकार विसरते आणि नवीन आकार धरते. हाताला चटका बसला म्हणजे शंभर अंश झाले असं नसतं, साठ अंशालाही हात भाजतो. इन्फ्रारेड थर्मामीटर आता फार महाग राहिलेला नाही, तो दुकानात नसेल तर नुसत्या अंदाजावर काम चाललंय हे समजून घ्या. हीट गन एकाच जागी धरून ठेवायची नाही, सावकाश सरकवत न्यायची, नाहीतर फिल्मची चमक जाते. कॅलेंडर्डवर हाच प्रयोग केला तर ती गरम होऊन उलट आणखी आक्रसू शकते, म्हणून तापवून दिलं होतं तरी सुटलं या वाक्याचा अर्थ फिल्म कुठली यावर ठरतो.

हवामानही बघा. लावायची जागा साधारण २० ते २८ अंशांत असेल तर काम सगळ्यात बरं होतं. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला दुपारी उन्हात उभ्या गाडीवर लावायला गेलात तर पत्रा इतका तापलेला असतो की फिल्म टेकली की धरते, उचलून नीट करता येत नाही, मग लोक ती ओढतात आणि तिथेच जास्तीचा ताण जातो. नाशिकला डिसेंबरच्या सकाळी उलटं, गोंद धरतच नाही. नाशिकला थंडीत दुपारचं काम घ्या, चंद्रपूर-नागपूरला उन्हाळ्यात सकाळचं. बोनेट आणि टपावर ऊन सरळ पडतं, त्यामुळे तिथली फिल्म बाजूच्या फिल्मच्या आधी जाते. कंपन्याही आडव्या भागांना कमी वर्षांची हमी देतात. डीलर जेव्हा अमुक वर्षांची गॅरंटी म्हणतो तेव्हा ती उभ्या भागांची की टपाचीही, हे लिहून घ्या.

आत्ता सुटलंय ते कसं दुरुस्त करायचं

कास्ट असेल आणि नुकतंच सुटलं असेल तर होतं. सुटलेल्या भागाच्या पलीकडेपर्यंत फिल्म हळूच उचला, गोंदावर माती बसली असेल तर तेवढा भाग कापून नवीन तुकडाच लावा, मातकट गोंद परत धरत नाही. स्वच्छ असेल तर ती मोकळी ठेवूनच हलकी गरम करा, आक्रसून मूळ आकारात येते, मग थंड झाल्यावर न ताणता खाचेत बसवा आणि मग तापवा. लोक ताणलेलीच दाबतात म्हणून परत उठते. लावल्यावर किमान एक दिवस पाणी नको, आठवडाभर प्रेशर वॉशर नको. नंतरही नोजल हातभर लांब धरायचं आणि धार कडेच्या फटीत मारायची नाही.

कंपनीच्या चार गाड्या एकदम करताय तर आधी एकीचा फक्त मागचा बंपर आणि एक दार करून घ्या, महिनाभर उन्हात फिरवा, मग बाकीच्या द्या. आणि बिलावर फिल्मची सिरीज, लॅमिनेशनची सिरीज आणि बॅच नंबर लिहायला लावा. रंग पूर्ण बदलणार असाल तर आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा आरटीओचं काम आधी करा. कमर्शियल गाडीच्या रिफ्लेक्टिव टेपवर फिल्म चढवू नका, पासिंगला अडेल. समोरच्या काचेवर तर काहीच नको.

कॅलेंडर्ड लावून बसलाय आणि कडा आक्रसल्यात, तर ती दुरुस्त करत बसू नका, लवकर काढा. जितकी उन्हात राहील तितकी कडक होत जाते, आणि मग नखाएवढे तुकडे पडत निघते. काढताना फिल्म हाताला कोमट-गरम लागेल एवढीच तापवा, कोपऱ्यातून सुरू करा आणि सरळ वर न ओढता पत्र्याला जवळजवळ चिकटून मागे, हळू ओढत न्या. गोंद पत्र्यावर राहायला लागला तर तापमान थोडं कमीजास्त करून बघा, बहुतेक वेळा एका ठरावीक उष्णतेला तो फिल्मबरोबर येतो. जो राहील त्यावर गोंद काढायचं द्रावण लावून काही मिनिटं थांबा, आणि प्लास्टिकच्या पट्टीने काढा, ब्लेडने नाही.